पंतांचा सात्त्विक आहार

मी मांजराला वरणभातावर वाढवलं आणि ते आंधळं झालं. एवढंच हे प्रकरण आहे. ज्यांना वेळ कमी असेल त्यांनी इथूनच पान उलटावं. माझ्या आयुष्यात इतरही फजित्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच फजित्यांत दुसऱ्या कुणाला इजा झालेली नाही.

कोथरूडला तेव्हा सोसायट्या नुकत्याच उगवायला लागल्या होत्या. दोन इमारतींच्या मधे गवत, गवतात विटांचे ढीग, ढिगांवर शेळ्या. आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. सकाळी बाबांच्या गुळण्यांनी घर जागं व्हायचं, मग कुकरच्या शिट्ट्या, मग आईची हिंग-जिऱ्याची फोडणी, आणि त्या फोडणीच्या चरचरण्यावर ताईचं ठसक्यात पाठांतर. आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर थांबायचा. खालच्या मजल्यावर पेडणेकरकाकू एकट्या राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, टेलिफोन खात्यात सकाळच्या पाळीची नोकरी. बुधवारी आणि रविवारी त्यांच्याकडे मासे असत. आईनं जन्मात कधी ‘मासे’ हा शब्द उच्चारला नाही. ती म्हणायची, “आज खालचं आहे, खिडकी लाव.” खिडकी लागायची, आणि गुरुवारी दोघी जणी जिन्यात उभ्या राहून कोकमाच्या भावावर अर्धा तास बोलायच्या. वैर अजिबात नव्हतं. फक्त वासाचा प्रश्न होता.

मला प्राणी पाळायचा होता, कारण वर्गातल्या एकाकडे कुत्रा होता आणि त्या कुत्र्यामुळे त्याला मिळणारा मान मला माझ्या गुणांवर मिळण्यासारखा नव्हता. कुत्र्याला आईनं नाही म्हटलं. मांजराला ती कशीबशी तयार झाली, पण अट घातली: या घरात जे शिजतं तेच त्यानं खायचं. मी तत्काळ शब्द दिला. मांजराचा शब्द मीच दिला. बाबांना तर ही अट मनापासून आवडली. ते विमा कचेरीत होते आणि दिवसभर लोकांच्या मरणाचे हिशेब करून संध्याकाळी घरी संस्कारांवर बोलायचे. मांजर म्हणजे शेवटी कोरी पाटीच असते, आपण जे लिहू ते उमटतं, असं त्यांचं मत पडलं. ताई म्हणाली, मग उंदरांचं काय करायचं, त्यांना पंगतीला बसवायचं का? तिला गप्प बसवण्यात आलं.

बाबांच्या कचेरीतल्या एकाचं घर लोणी काळभोरला होतं. त्यांच्या गोठ्यात मांजर व्यालेलं. आम्ही पेरूची रिकामी करंडी घेऊन गेलो. त्या घरच्या मावशींनी एक काळं-पांढरं पिल्लू मानगुटीला धरून करंडीत टाकलं आणि विचारलं, “उंदरावर वाढल्याली हाय ह्येची आई. तुमच्याकडं उंदीर हाईत का?”

बाबा हसून म्हणाले, “उंदीर नाहीत. वरणभात आहे.”

मावशींनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “मग पोपट न्या की,” त्या म्हणाल्या.

आम्ही परतीच्या वाटेवर या वाक्यावर खूप हसलो. स्कूटरवर मागे बसून मी करंडी पोटाशी धरली होती आणि आतून ते पिल्लू माझा शर्ट फाडत होतं.

पाठ काळी, पोट पांढरं, आणि बसण्याची ढब अशी की पूजा सांगायला आलेत; म्हणून नाव ‘पंत’ ठेवलं. घरात त्यांना आदरार्थी बोलायची पद्धत पडली. पंत उठले का, पंत जेवले का, पंतांनी गादी ओली केली. पहिले काही दिवस पंतांनी वरणभाताकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी ताटली उचलून ठेवायचो आणि भूक लागल्यावर तीच परत पुढे सरकवायचो. हे तंत्र मी बाबांकडून शिकलो होतो. माझ्या बाबतीत त्यांनी ते दुधीच्या भाजीला वापरलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी पंत खायला लागले. मग पोळीचा काला, ताकभात, तूप-मेतकूट. पुढे तर संकष्टीला साबुदाण्याची खिचडीही त्यांनी खाल्ली, तीही दाण्याचं कूट जास्त असेल तर. ते पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या काही नातेवाइकांबद्दलही तिला इतका आदर वाटला नव्हता.

माझी नात आता मांजर पाळते. त्याचं जेवण मोबाइलवरून येतं, पाकिटावर माशाचं रंगीत चित्र असतं, आणि त्याच्या पोटाला काय मानवतं यावर ती आठवडाभर वाचन करते. परवा तिनं विचारलं, आजोबा, तुमच्याकडे होतं का रे मांजर? मी होतं म्हणालो आणि पेपर उघडला. तो कालचा होता.

तर, पंतांची कीर्ती पसरली. लोक मुद्दाम बघायला यायचे. मी ताटलीत भात कालवायचो, पंत मिशा सावरत जेवायचे, आणि बाबा पाहुण्यांना सांगायचे की बघा, हिंस्र पशूची ही अवस्था होऊ शकते तर माणसाची का नाही. पंत तेव्हा गुटगुटीत होते, केसांवर चकाकी होती. ते सगळं आम्ही साजूक तुपाच्या नावावर जमा केलं. दुपारी ते बाल्कनीतून खालच्या पत्र्यावर उतरायचे आणि तासा-दोन तासांनी परत यायचे. ते उन्हाला जातात, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत वक्तृत्व स्पर्धा होती. मी विषय घेतला ‘संस्काराने स्वभाव पालटतो’, आणि प्रात्यक्षिकासाठी पंतांना मंचावर नेलं. मंच म्हणजे पार्किंगमधे मांडलेल्या दोन लाकडी चौक्या. मी फार बोललो. ज्यांच्या घरी जिभेवर ताबा नाही अशांनी या मुक्या प्राण्याकडून शिकावं, असं वाक्य मी घातलं होतं आणि ते म्हणताना माझी नजर कुठे गेली हे सगळ्यांना दिसलं. पेडणेकरकाकू तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. हे वाक्य माझं होतं. बाबांनी फक्त उच्चार दुरुस्त केले होते. मग मी पंतांपुढे उकडीचा मोदक ठेवला. पंतांनी तो हुंगला. लोक श्वास रोखून बसले. तेवढ्यात काकू शांतपणे, जागच्या न हलता म्हणाल्या, “ये रे झिला.”

त्यांच्याकडे मुलाला झिल म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. पंतांना ते बरंच आधी माहीत होतं. त्यांनी मोदक ओलांडला, चौकीवरून उडी मारली, तिसऱ्या रांगेपर्यंत लोकांच्या पायांतून वाट काढली आणि काकूंच्या मांडीवर चढून त्यांच्या पदराचं टोक चाटायला सुरुवात केली. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत शेजारच्या बाईंना म्हणाल्या, अगदी हळू, पण पार्किंगमधे आवाज घुमतो: “बुधवारी बांगडा साफ करायला बसले की हा हजर. डोकी सगळी ह्याचीच.”

हसण्याचा जो स्फोट झाला तो मला अजून ऐकू येतो. अध्यक्ष हसले, परीक्षक हसले, माईकवाला हसला. ताई तर उठून जिन्यामागे जाऊन हसली. बाबा हसले नाहीत. आईनं पंतांकडे असं पाहिलं की जणू जावयाला बाटलीसकट पकडलंय. मला उत्तेजनार्थ स्टीलचा पेला मिळाला, आणि तो घ्यायला जाताना मागून कुणीतरी ‘म्याँव’ केलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? चला, पोट भरतंय बिचाऱ्याचं, म्हणून सोडून दिलं असतं. मी घरी येऊन प्रायश्चित्त ठरवलं, अर्थात पंतांचं. दुसऱ्या दिवशी बाल्कनीला जाळी ठोकून घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीलाही. दार उघडताना पाय आडवा ठेवायचा, असा नियम झाला. पंतांना गोमूत्राचे दोन थेंब टाकून आंघोळ घालण्यात आली. त्यात माझ्या मनगटावर उमटलेली खूण अजून आहे, आणि जे कुणी विचारतात त्यांना मी क्रिकेटचा बॉल सांगतो.

बुधवारी खालून वास आला की पंत जाळीला नखं लावून उभे राहायचे आणि ओरडायचे. साधं ओरडणं नव्हे. खालून काकूंच्या विळीचा आवाज थांबायचा, आणि मग परत सुरू व्हायचा. मी त्यांना मागे ओढून वरणभातापुढे बसवायचो आणि म्हणायचो, बसा, पंत, मन आवरा. मला यात मजा वाटायची, हे लिहून टाकतो. माझं हसं झालं होतं. आता कुणीतरी माझ्या हाताखाली होतं.

एका रविवारी काकू वर आल्या. हातात झाकलेली ताटली. आई ओट्याशी होती, दार मी उघडलं. जाळीपाशी पंत ओरडतच होते. काकूंनी आत नजरही टाकली नाही. “श्री, बाहेर नसेल सोडायचं तर नको सोडूस,” त्या म्हणाल्या. “पण एवढं घाल त्याला. जिन्यात घाल हवं तर, मी जिना धुऊन घेते. तो ओरडतो रे.”

मी ताटली घेतली. त्यांच्या देखत जिना उतरलो, फाटकाबाहेर गेलो आणि तीन उकडलेली डोकी गल्लीतल्या कुत्र्यांपुढे उपडी केली. वर येऊन ताटली दाराबाहेरच्या नळावर घासली, दोनदा, त्यांना दिसेल अशी. काकू जिन्यातच उभ्या होत्या. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आईनं आतून चमचाभर साखर आणली आणि त्या ताटलीत घातली. रीत मोडली नाही. काकूंनी साखरेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खाली गेल्या. त्यानंतर जिन्यातल्या कोकमाच्या गप्पा बंद झाल्या.

पंत पुढे शांत झाले. संस्कार रुजला, असं बाबा म्हणाले. ओरडणं संपलं, जाळीपाशी जाणं संपलं, झोप वाढली. आणि डोळे सुंदर दिसायला लागले. ही मी केलेली थट्टा नाही. पूर्वी उन्हात त्यांच्या बुबुळाची बारीक फट व्हायची. आता बुबुळं भरदुपारीही मोठी, काळीभोर, काचेसारखी चमकायची. पाहुणे म्हणायचे, काय पाणीदार डोळे आहेत हो. बाबा म्हणायचे, सात्त्विक आहाराचं तेज. मीसुद्धा हे ठिकठिकाणी सांगितलं. आमच्या मराठीच्या बाईंना तर मी सुचवलं की निबंधात हे उदाहरण घेता येईल.

मग पंत दाराच्या चौकटीला आपटायला लागले. ताई म्हणाली, याला दिसत नाहीये. मी म्हणालो, ते चिंतनात असतात. एकदा मी त्यांची ताटली रोजच्या जागेवरून मुद्दाम हातभर सरकवली. पंत आले, रोजच्या जागी वाकले, रिकामी फरशी चाटली. मी हसलो. परत सरकवली, परत ते फरशीला तोंड लावून उभे राहिले. तिसऱ्या वेळी ताईनं माझ्या थोबाडीत मारली. तशी तिनं त्याआधीही मारली होती आणि नंतरही मारली, पण या थोबाडीची कुणीही आईकडे तक्रार केली नाही. त्या दिवशी पंत ओट्यावरून टेबलावर उडी मारायला गेले, नेहमीच्या सवयीनं. टेबल आईनं भिंतीकडे सरकवलं होतं. मधल्या हवेत ते क्षणभर पाय फाकवून राहिले आणि मग खाली पडले. आवाज कसलाच केला नाही. उठून भिंतीला अंग घासत, भिंत संपेपर्यंत चालत गेले.

तीच पेरूची करंडी काढली. कात्रजच्या बाजूला जनावरांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे मुख्यतः गाई-म्हशी येत. आमच्या आधी एका म्हशीच्या सडाला औषध लावून झालं होतं आणि डॉक्टर हात धूत होते. त्यांनी पंतांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळ आकसलं नाही. पुन्हा मारली. मग विचारलं, खायला काय देता? बाबांनी खाकरून सुरुवात केली. वरणभात, पोळी-दूध, ताक, मेतकूट, साजूक तूप. सांगता सांगता आवाज चढत गेला, कारण ही यादी ऐकून लोक नेहमी थक्क व्हायचे. संकष्टीचा उपासही करतो, हे त्यांनी शेवटी सांगितलं.

डॉक्टरांनी बॅटरी टेबलावर ठेवली. “तुम्ही म्हशीला मटण घालता का?”

बाबा म्हणाले, “छे.”

“मग?” डॉक्टर म्हणाले. आणि पंतांची मान खाजवत, आमच्याकडे न बघता त्यांनी समजावून सांगितलं. मांजराला मांसातलं सत्त्व लागतं, ते त्याच्या अंगात तयार होत नाही. मिळालं नाही की आधी डोळे जातात, मग हृदय. डोळे गेलेले आहेत, ते येणार नाहीत. हृदय अजून आहे. आजपासून मासे, नाहीतर खिमा. नाहीतर काही महिने. बाबांनी विचारलं, याला काही शाकाहारी गोळी नाही का? डॉक्टरांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी आलो. आईनं करंडीपाशी बसून पंतांना हात लावला. ते दचकून मागे सरकले आणि करंडीच्या काठाला डोकं आपटलं. “या घरात ते शिजणार नाही,” आई म्हणाली. ती रडत होती, पण हे वाक्य तिनं स्पष्ट म्हटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “खाली विचार.”

जिन्याच्या त्या पायऱ्या मी आयुष्यात पुष्कळदा उतरलो असेन. इतक्या हळू कधीच नाही. रविवार नव्हता, बुधवार नव्हता, तरी दार उघडताच तो वास आला, आणि करंडीत पंत उभे राहिले. मी सगळं तयार करून गेलो होतो. क्षमस्व, अज्ञान, बालबुद्धी, वगैरे. वक्तृत्वाची तयारी होतीच. काकूंनी एक शब्द बोलू दिला नाही. करंडी माझ्या हातातून घेतली, जमिनीवर ठेवली आणि त्याच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. मग त्या मागे सरून उकिडव्या बसल्या. “ये रे झिला,” त्या म्हणाल्या. तो आवाजाच्या दिशेनं चालत गेला आणि त्यांच्या गुडघ्याला आपटला.

“मी रोज येत जाईन, काकू,” मी म्हणालो. “त्याला बघायला.”

“तू बघशील,” काकू म्हणाल्या. “तो कुठे बघणार आहे?”

दार लागलं. संध्याकाळी करंडी आमच्या उंबऱ्यावर होती. रिकामी नव्हती. तळाशी कागदाच्या पुडीत चमचाभर साखर होती. आईनं ती पुडी किती तरी दिवस ओट्यावर ठेवली. चहात घालायचा तिला धीर झाला नाही, आणि टाकायचाही झाला नाही. शेवटी मुंग्यांनी प्रश्न सोडवला.

झिल खाली पुष्कळ वर्षं जगला. काकूंनी घरातली एकही खुर्ची कधी जागची हलवली नाही. म्हणे तो डोळस मांजरासारखा फिरायचा. मी दोन-तीनदा गेलो; जिन्यात माझी चप्पल वाजली की तो पलंगाखाली शिरायचा आणि मी उठेपर्यंत यायचा नाही, म्हणून मग मी जाणं सोडलं. बुधवारी आई खिडकी लावायची, पण लावण्याआधी खाली कान देऊन उभी राहायची. “जेवतोय,” असं म्हणायची आणि मग कडी घालायची.

आता गंमत ऐका. गेल्या पावसाळ्यापासून मला अंधुक दिसायला लागलं. पाय बधिर, डोळ्यांपुढे धुकं. चष्मा बदलला, मोतीबिंदू शोधला, तो निघाला नाही. मग रक्त तपासलं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बी ट्वेल्व्ह पार तळाला गेलंय, नसांवर परिणाम झालाय, थोडा भरून येईल, थोडा नाही. इंजेक्शनं घ्या. आणि अंडी, मासे चालतात का काका तुम्हाला? आणि मी, एवढं सगळं होऊन, खुर्चीत ताठ बसून अभिमानानं म्हणालो, “आमच्याकडे चालत नाही.”

बरोबर ताई होती. ती आता पंचाहत्तरीला आलीय आणि तिला दूरवरचं स्वच्छ दिसतं. घरी आल्यावर तिनं मला वरणभात वाढला, मी बसलो, आणि ताटलीचा अंदाज चुकून माझी बोटं टेबलाला लागली. तिनं ताटली माझ्या हाताखाली सरकवली. मी वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, पेडणेकरकाकू असत्या तर मलाही करंडीत घालून खाली नेऊन ठेवलं असतंस.

ताई तूप वाढता वाढता म्हणाली, “काकूंनी मांजर घेतलं होतं. तुला त्यांनीही घेतलं नसतं.”